लाल बाकांवरची जागा

माझ्या वीणामावशीचे यजमान खरेखुरे लॉर्ड आहेत. हॅवर्सलीचे लॉर्ड, एडमंडकाका. मावशी नागपूरहून कॉव्हेंट्रीला डॉक्टर म्हणून आली आणि ऐन तिशीत त्यांच्या प्रेमात पडली. वडिलांच्या पश्चात काकांना पदवी मिळाली आणि पुढे हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये जागाही. त्या जागेवर बसून त्यांनी वर्षानुवर्षं एकच विषय लावून धरला: खेडेगावातली संध्याकाळची बस. परतायला बस नाही म्हणून मावशीचे म्हातारे पेशंट अपॉइंटमेंट बुडवायचे. काका ते सभागृहात परत परत सांगायचे. लोक हसायचे.

मग वंशपरंपरेने आलेल्या सभासदांना घरी पाठवणारा कायदा झाला. मी फोन केला तेव्हा काका म्हणाले, "कायदा बरोबरच आहे, ऋजुता. जन्मावर कुणाला जागा मिळू नये." आणि फोन मावशीकडे दिला.

पुढे काही महिन्यांतच, त्यांनी इतकी वर्षं मागितलेलं बसचं विधेयक सरकारकडून चर्चेला आलं. मावशीने मला मँचेस्टरहून बोलावून घेतलं. "एकटीला नाही जमणार गं त्यांना सांभाळणं."

आम्ही तिघं प्रेक्षकांच्या गॅलरीत बसलो. खाली लाल बाकं. काका टाय घालून, पुढे झुकून ऐकत होते. एक मंत्री म्हणाल्या, "अशा प्रवाशांची संख्या फारच थोडी आहे."

काका उभे राहिले. सवयीने. तोंडही उघडलं.

गॅलरीतला कर्मचारी लगबगीने आला. "सर, प्लीज, बसून घ्या."

सर. इतकी वर्षं त्या इमारतीत त्यांना सगळे 'माय लॉर्ड' म्हणत आले होते. काका हळूच बसले. मावशीने त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला.

विधेयक मंजूर झालं. त्यांचं नाव कुणी घेतलं नाही.

परतीच्या ट्रेनमध्ये मावशी म्हणाली, "काय बोलणार होतास? आम्हाला सांग."

"नको," काका म्हणाले. "ते तिथेच बोलायचं असतं."

तिने आग्रह केला नाही.

त्यांच्या गावात बस सुरू झाली तेव्हा मी तिथेच होते. आम्ही बसमध्ये चढलो. डायलिसिसहून परतणाऱ्या एक आजी ड्रायव्हरला म्हणत होत्या, "आता मुलीला रजा काढायला नको." काका कॉलर वर करून खिडकीकडे वळले. डोळे भरले होते, पण हसत होते. आजींना काकांची ओळख सांगावी असं मला फार वाटलं. मावशीने नजरेनेच थांबवलं.

मावशी सांगते, दुपारी कामकाज सुरू झालं की ते अजून टीव्ही लावतात. आवाज बंद ठेवतात आणि बाकांवर आपली जागा शोधतात. तिथे दुसरंच कुणीतरी बसलेलं असतं.