लाल शेपटी

माझ्या नावाची नात जन्मली त्या वर्षीची ही गोष्ट. माझ्या लेकीला, नोकाबीला, दुसरी मुलगी झाली, म्हणजे आमच्या रीतीनं नाव आईच्या आईचं, माझं, वामाइथा. त्यात विचारायचं काही नव्हतं. आता आपल्याच नावाच्या माणसाला भेटायला रिकाम्या हातानं कसं जायचं? मी ठरवलं, ईस्टरला जाताना घरच्या कोंबड्या न्यायच्या. बाळंतिणीला रस्सा हवाच. ठिपक्यांच्या कोंबडीनं आधीच्या नोव्हेंबरात पिल्लं काढली होती, मार्चपर्यंत त्यांच्या तलंगा झाल्या.

आणि तलंगा नाहीशा व्हायला लागल्या.

किती गेल्या ते सांगता येणार नाही. जिवंत जीव आम्ही मोजत नाही, मोजलेलं टिकत नाही म्हणून. पण संध्याकाळी दांडीवर बसल्या की मधली जागा मोकळी दिसायची.

बागेत तेव्हा दोन मोठे पक्षी येत. एकाचं पोट पांढरं, तो फाटकाजवळच्या सुरूच्या शेंड्यावर बसायचा. दुसऱ्याचं पोटही काळं, त्याचा ठिय्या बटाट्याच्या वाफ्याकडच्या खांबावर.

"घार असेल," माझे यजमान कारीथी म्हणाले.

"घारीची शेपटी दुभंगलेली असते. ही आखूड आहे, आणि लाल."

"कुणाची लाल? काळ्याची की पांढऱ्याची?"

"दोघांची."

"मग दोघांनाही मारू."

"पांढऱ्याला मी बटाटे पोखरणारा आंधळा उंदीर नेताना पाहिलंय. तो गेला तर बटाटे कोण राखणार, तुम्ही? तुमच्या डोळ्यांवर ढग आलेत."

"ढग आलेत म्हणून तर तुला विचारतोय, बये. कोणता चोर, तेवढं सांग."

तेवढंच मला सांगता येईना. म्हणून प्रौढांच्या वर्गात आमच्या किमोथो मास्तरांना विचारलं. त्यांच्याकडे शिकारी पक्ष्यांचा तक्ता होता. तो त्यांनी गुंडाळून मला दोन आठवड्यांसाठी घरी दिला.

तक्त्यावर पांढऱ्या पोटाचा सापडला. शेपटी लाल, खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. एकेक अक्षर बोटानं धरत वाचलं: उंदीर खातो. जीव भांड्यात पडला. काळा मात्र कुठेच नव्हता. एका कोपऱ्यात काळ्या पाठीचा एक होता, त्याच्याखाली: कोंबड्या नेतो. पण तो पाठमोरा काढलेला. पोट दिसेना. पाठ काळी म्हणजे पोटही काळंच असणार, असं मी धरलं. त्याची शेपटी लाल नव्हती, हे खटकलं. पाय चांगले लांब होते, आणि आमच्या काळ्याचे तर पिसांत बुडालेले. पण तक्ता जुना, ठिकठिकाणी रंग उडालेला. तेवढा फरक पडणारच, असं मनाला सांगितलं.

"काळा," मी कारीथींना सांगितलं. "तक्त्यावर लिहिलंय."

"लिहिलंय म्हणतेस तर असेल."

त्यांनी घायपाताच्या दोरीचा फास खांबाच्या माथ्यावर पसरला आणि दोरी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आणली. दोरीचं टोक त्यांच्या हातात. बघणारी मी.

"बसला?"

"बसला."

"काळाच ना? मला खांबसुद्धा दिसत नाही."

तो वाफ्याकडे बघत होता. मान जराशी वाकडी. शेपटी उन्हात विटेसारखी लाल. मला पुन्हा खटकलं.

"अगं, बोल की!"

"ओढा," मी म्हणाले.

दुसऱ्या आठवड्यात तक्ता परत करायला गेले तेव्हा शेपटीचं एक पीस बरोबर नेलं. मास्तर ते उलटसुलट करत बसले.

"आजी, चित्राखालची बारीक अक्षरं वाचलीत?"

"बारीक अजून जमत नाहीत."

त्यांनी वाचून दाखवलं. पांढऱ्या पोटाच्या चित्राखालीच लिहिलं होतं: यातले काही पूर्ण काळे असतात. पांढरा आणि काळा यांची जोडीही जमते.

मी म्हटलं, "म्हणजे नवरा-बायको?"

"असतील. तलंगा जायच्या थांबल्या का?"

"कळत नाही."

"किती होत्या?"

"जिवंत जीव कुणी मोजतं का, मास्तर?"

"मग कळणार कसं, आजी?"

त्या संध्याकाळी मी दांडीवरच्या एकेका तलंगेच्या नावानं मक्याचा एकेक दाणा डब्यात टाकला. कोंबड्या मोजल्या नाहीत. दाणे मोजले. सात भरले. तिसऱ्या संध्याकाळी दाणे पुन्हा लावून पाहिले, तर एक उरला.

मग मी दिवसभर दारात बसू लागले. पाचव्या दिवशी वॅटलच्या झाडांतून काहीतरी जमिनीलगत आलं, कोंबड्या ओरडल्या, आणि ते गेलं. मला फक्त लांब पिवळे पाय दिसले. लांब पायांचा तोच, काळ्या पाठीचा, असं म्हणत पुन्हा तक्ता बघायला गेले. तक्त्यावर लांब पिवळ्या पायांचे चार होते. दोघांखाली लिहिलं होतं, कोंबड्या नेतो.

"यातला कोणता?" मास्तरांनी विचारलं.

"एकदा चुकलेय," मी म्हणाले. "आता नाही सांगत."

तलंगांवर मी टोपली झाकायला लागले. पांढरा आता सुरूवर बसत नव्हता. तो काळ्याच्या खांबावर बसायचा आणि ओरडायचा. उंदीर समोरून गेला तरी उतरायचा नाही. बटाट्याच्या दोन ओळी आतून पोखरल्या गेल्या.

ईस्टरला नोकाबीकडे उरलेल्या, तीन दाण्यांइतक्याच कोंबड्या नेल्या. तिनं बाळ माझ्या मांडीवर दिलं आणि म्हणाली, "एवढ्याच, आई? तू तर सगळा खुराडा आणणार होतीस."

मी सगळं सांगितलं. ती बापाकडे वळली. "बाबा, तुम्ही तरी थांबवायचं होतंत!"

"मी काय थांबवणार? मला पांढराही काळाच दिसतो," कारीथी म्हणाले. "तुझ्या आईला दिसत होतं."

बाळानं माझं बोट घट्ट धरलं होतं.

तो काळा नर होता की मादी, ते तक्त्यावर लिहिलेलं नव्हतं. मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी, दुपारच्या आधी, तो मेला.