बुटकीच्या सडाचे टाके

शेजारच्या गाईनं शिंग लावलं म्हणून आमची गाय बुटकी घाईघाईनं उठली आणि स्वतःचाच खूर स्वतःच्या सडावर पडला. मागच्या डाव्या सडाची कातडी उभी फाटली. फटीतून लालसर दूध ठिबकायला लागलं. मी बादली धरून नुसती उभी राहिले. सासूबाईंनी कोमट पाण्यानं जखम धुतली, स्वच्छ ओलं फडकं गुंडाळलं आणि मला डॉक्टरांना फोन करायला लावला.

नेहमीचे डॉक्टर सुट्टीवर होते. त्यांच्या जागी एक तरुण बाई आल्या. त्यांचे कोरे करकरीत गमबूट पाहून सासूबाई माझ्या कानाशी कुजबुजल्या, की हिच्या बुटांनी अजून शेण पाहिलेलं दिसत नाही.

डॉक्टरीणबाईंनी ते ऐकलं असावं, पण हसल्या फक्त. आधी त्यांनी बुटकीला गुंगीचं औषध दिलं, मग सडाच्या मुळाशी चहूबाजूंनी सुया टोचून तो बधिर केला. फाटलेल्या कडा साफ करायलाच त्यांनी बराच वेळ घेतला. टाके घालताना त्या समजावून सांगत होत्या. सडाच्या अगदी आतल्या पडद्याला सुई लागू द्यायची नाही, त्याच्या बाहेरचा थर आधी शिवायचा आणि शेवटी कातडी.

"म्हणजे अस्तराचं पोलकं," सासूबाई म्हणाल्या. उभा जन्म त्यांनी मशीनवर घालवला होता. आता त्या पुढे वाकून टाका न् टाका निरखू लागल्या.

त्या सडाला पिळायचं नाही, दूध फक्त निर्जंतुक नळीनं काढायचं, असं बजावून बाई गेल्या. आम्ही ते तंतोतंत पाळलं. जखम भरत आली. पण एका सकाळी टाक्यांच्या वरच्या टोकाशी दुधाचा थेंब दिसला. पुसला, पुन्हा आला.

मी बाईंना फोन केला. आता बोल आपल्यालाच लागणार, असं मी धरून चालले होते. गाय हलली असेल, तुम्ही पिळलं असेल. जन्मभर हेच ऐकत आलो होतो. बाई आल्या, खाली बसल्या, बोटानं हलकेच दाबून पाहिलं.

"वरचा टाका धरला नाही. तो माझा चुकला, तुमचं काही चुकलेलं नाही," त्या म्हणाल्या. "आत्ता सुई लावली तर जास्त फाटेल. बुटकी आटली, दूध थांबलं, की मी पुन्हा करीन."

सासूबाई उठल्या. मग आत जाऊन स्वतःच्या हातानं चहा करून आणला. हा मान आमच्याकडे जावयालासुद्धा मिळत नाही.

लोक म्हणत होते, तीन सडांची गाय म्हणजे तीन पायांची खाट, देऊन टाका. सासूबाई कुणाला बधल्या नाहीत. बुटकी आटली, गोठ्याच्या कामात आम्ही बाईंना कळवायचं विसरलो, आणि एका दुपारी त्या आपणहून दारात उभ्या. बदली झाली होती, तरी वाट वाकडी करून आल्या होत्या. गमबूट आता ओळखू येत नव्हते. तेवढीच जागा कापून त्यांनी नव्यानं शिवली. या खेपेला वरच्या टोकाशी सासूबाई त्यांना दिवा धरून होत्या.

बुटकी व्याली, कालवड झाली. पहिल्या धारेला सासूबाईच बसल्या. तीन सड झाले, चौथ्याला हात लावताना त्या थांबल्या. मग धार आली. बाजूला एक थेंब नाही.

त्यांनी तिथूनच बाईंना फोन लावायला सांगितला. धार बाकीच्यांपेक्षा जरा बारीक आहे, तो सड काढायला वेळ लागतो, हेही लपवलं नाही.

"लागू दे वेळ," पलीकडून बाई म्हणाल्या. "गळत नाही ना?"

"टिपूससुद्धा नाही, पोरी," सासूबाई म्हणाल्या. बाईंना त्या पहिल्यांदाच पोरी म्हणत होत्या.