मिस्त्रींच्या हाताची मोटर

सुतारकामाच्या शेडवरून जाताना घूंऽऽ असा आवाज कानावर आला, तर तो लाकडाचा समजू नका. तो माझा. मी मोटर, रस्त्यावर धावणारी नव्हे, लेथखाली बोल्टांनी जखडलेली. एका जागी बसून मी जेवढी फिरते, तेवढं धावणाऱ्यांनाही जमायचं नाही.

वीज घ्यायची आणि तिचं फिरणं करून द्यायचं, हे माझं काम. पोटात तांब्याच्या तारेचे वेढे आहेत. त्यांत वीज शिरली की मधला दांडा गरगरतो, पट्टा ओढला जातो आणि वर लेथवर लाकूड फिरू लागतं. थोडी वीज उष्णतेत जाते, पण तीही वाया नाही. काम थांबलं की शेडमधली मांजर माझ्या पाठीवर येऊन झोपते.

कारखान्यातून निघाले ती थेट मिस्त्रींकडे आले. टेबलांचे, खुर्च्यांचे, पाळण्यांचे किती पाय त्यांनी माझ्या जोरावर घडवले, त्याची गणती नाही. मग एकदा बटण दाबलं आणि मी नुसतीच गुरगुरले, फिरेना. मिस्त्रींनी पट्ट्याला हाताने हिसका दिला आणि मी सुटले. तेव्हापासून तीच रीत पडली. "हिला माझाच हात लागतो," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगत. मला राग यायचा. मी काय लाडावलेली आहे?

पुढे मिस्त्री घसरून पडले आणि उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. "संपलं. लेथ विकून टाकू," ते म्हणाले. मुलगा दूर नोकरीला, त्याला लाकडाची आवड नव्हती. आवड होती ती सुनेला. चहा द्यायला यायची आणि कप रिकामा झाला तरी दारात रेंगाळायची.

"बाबा, मी करून बघू?"

"तुझ्याच्याने ती सुरूसुद्धा व्हायची नाही."

सूनबाईने बटण दाबून पट्ट्याला हिसका दिला. मी फिरले, पण उलटी. अशा अवस्थेत मला जिकडे ढकलाल तिकडे मी जाते, त्याला माझा इलाज नाही. तिने पटाशी टेकवताच ती उसळली आणि तिच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आपटली. सूनबाई इतकी वर्षं समोरच्या दारातून बघत आली होती. मिस्त्री पट्टा स्वतःकडे ओढायचे, तो तिला पलीकडे जाताना दिसायचा. म्हणून त्यांच्या जागी उभं राहून तिनेही तो पलीकडे ढकलला.

मिस्त्री पांढरेफटक पडले. "बंद कर ते. उद्याच गिऱ्हाईक बघतो."

सूनबाई घाबरली होती, पण हटली नाही. दुपारी वायरमनला घेऊन आली. त्याने माझ्या अंगावरची पत्र्याची टोपी काढली. "कपॅसिटर गेलाय, सुरुवातीचा धक्का तोच देतो. मिस्त्री, मी तुम्हाला मागेच सांगितलं होतं की."

मिस्त्री खाली बघत राहिले. नवा कपॅसिटर बसला आणि बटण दाबताच मी अशी सुटले की मांजर दाराबाहेर पळाली. मिस्त्रींचा चेहरा मात्र उतरला. "आता माझं इथे काय काम?"

सूनबाईने लाकूड लावलं, पटाशी धरली. पहिलाच पाय वाकडातिकडा झाला. तो त्यांच्यापुढे धरून ती म्हणाली, "हे बघा तुमचं काम. मोटर सुरू करायला कुणीही चालेल. हे मला कोण शिकवणार?"

मिस्त्री उठले. "कोपर अंगाला लाव. दाबू नकोस, नुसती टेकव. आणि मोटरचा आवाज जड झाला की हात मागे घे."

तुमच्या घरातला पंखा नुसता गुरगुरत असेल, तर त्याला ढकलत बसू नका. त्याचं काय दुखतंय ते वायरमनला बघू द्या.

प्लास्टर आता निघालंय. आज सकाळी सूनबाईने पटाशी मिस्त्रींपुढे धरली. त्यांनी ती हातात घेतली, धार अंगठ्याने तपासली आणि परत दिली.

"बाबा, सुरू करू?"

"मला काय विचारतेस? लेथ तुझं आहे."

तिने बटण दाबलंय. येते मी.