ड्रॅगनपुढचा नमस्कार

काजितानीबाईंची चूक पंचवीस वर्षं जुनी होती, आणि आता ती त्यांच्या डोळ्यांदेखत पुसली जाणार होती.

ओसाकातल्या त्या ऑफिसात ‘राखेची वाट’ या गेमचा चौथा भाग शुक्रवारी पुरा व्हायचा होता. त्यातले सरदार नि राक्षस कसे चालतात, पळतात, मरतात, हे पहिल्या भागापासून बाईच रेखाटत आलेल्या. शुक्रवारनंतर बाई निवृत्त.

चूक अशी झाली. लढाईआधी सरदाराने ड्रॅगनला वाकून नमस्कार करायचा, असं पहिल्या भागात ठरलं. नमस्काराला पंधरा अंश पुरतात. पंचेचाळीस अंशांत वाकतात ते माफी मागायला, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण त्या आठवड्यात गेम रखडला म्हणून अख्खं ऑफिस गेम विकणाऱ्या प्रकाशकापुढे माफीसाठी वाकत होतं, आणि बाईंनी डोळ्यांसमोर होतं तेच काढलं. गेम बाजारात गेला नि देशभर हशा पिकला. एवढा शूर सरदार, अन् तलवार उपसण्याआधी ड्रॅगनची माफी मागतोय! बाईंना तोंड लपवायला जागा उरली नाही. पुढे मात्र लोकांना त्याचीच सवय जडली. वाकल्याशिवाय कुणी लढेचना.

“बाई, वाकण्यात दोन सेकंद जातात हो,” दिग्दर्शक एनोकिदो म्हणाला. पोरगा चौतिशीचा, पण पाठ बाईंपेक्षा जास्त दुखायची. “तेवढ्यात ड्रॅगन भाजून काढतो. नवे खेळणारे वैतागलेत. नुसती मान हलवू दे त्याला.”

“मान हलवायला ड्रॅगन काय लिफ्टमधला शेजारी आहे?”

“बाई, हट्ट नका ना करू.”

“चूक माझी, तेव्हा माझ्याबरोबरच जाऊ दे. असंच ना?”

बाईंना चांगलंच वाईट वाटलं. तरी त्यांनी मुकाट्याने मान हलवणारा सरदार करून दिला.

बुधवारी दुपारी एनोकिदो स्वतः खेळायला बसला. चौथीत असल्यापासून या गेमवर पोसलेला गडी. बटण दाबलं, सरदाराने मान हलवली, आणि एनोकिदोचे अंगठे जागच्या जागी थांबले. ड्रॅगनने सरदाराचा कोळसा केला. पुन्हा खेळला, पुन्हा कोळसा. सातव्या खेपेला मागची मंडळी पोट धरून हसायला लागली.

“अरे मार की, मेल्या!” बाई ओरडल्या.

“हातच उठत नाही, बाई! न बोलावता त्याच्या घरात शिरलोय आपण. वर नुसती मान हलवायची?”

बाईंनी पडद्यावरच्या ड्रॅगनकडे बोट केलं.

“मग सरदाराचं काही चुकत नाही,” त्या म्हणाल्या. “उद्धट आहे तो ड्रॅगन. समोरचा वाकलेला असताना जाळतं का कुणी?”

त्या तडक आपल्या टेबलाशी गेल्या. गुरुवारी दुपारपर्यंत सरदाराचं जुनं वाकणं परत आलं, आणि ड्रॅगनलाही नमस्कार आला. पंधराच अंशांचा, कारण त्या बिचाऱ्याने कुणाचं काय वाकडं केलं होतं?

एनोकिदो पुन्हा बसला. सरदार पहिल्यासारखा खाली, अगदी खाली वाकला. ड्रॅगनने आग गिळली, मान जराशी झुकवली आणि तो थांबला. लढाई सुरू झाली, तरी एनोकिदो बटण दाबेना.

“आता काय झालं?”

“आता याला मारायचं कसं, बाई?”

बाईंनी चष्मा काढून पुसला.

“माफी मागून झालीय तुझी,” त्या म्हणाल्या. “मार आता.”