आम्ही बस वाचवली

आमच्या गावात आजवर एकही माणूस एकटा मेलेला नाही. ही गोष्ट आम्ही पाहुण्यांना अभिमानाने सांगतो आणि पाहुणे माना डोलावतात. खरं कारण असं, की मरायला सगळे शहरातल्या सरकारी इस्पितळात जातात, आणि तिथे एका खाटेवर कधीकधी दोघं असतात.

गाव म्हणजे एक रस्ता. तो आमच्यासाठी केलेला नाही. तो दुसरीकडे निघाला होता, वाटेत आम्ही लागलो. दोन्ही बाजूंना घरं आहेत, त्यातल्या निम्म्यांना कुलपं. कुलूप लावून गेलेल्यांच्या किल्ल्या निवृत्त हेडमास्तरांकडे असतात, त्यामुळे गावातली माणसं कमी झाली तरी हेडमास्तरांची जबाबदारी वाढतच गेली आहे. शाळेला वर्ग भरपूर, आजीआजोबांकडे ठेवलेली पोरं मात्र एका बाकावर मावतात. पोस्ट सकाळी उघडतं आणि टपाल दुपारी येतं. दुकान एकच, ते काकू चालवतात. त्यांच्याकडे सगळं मिळतं, फक्त आपल्याला हवं असतं ते कालच संपलेलं असतं. तरुण मंडळी बाहेर आहेत. 'बाहेर' हा आमच्याकडे पूर्ण पत्ता समजला जातो. त्यापुढे कुणी काही विचारत नाही.

उरलेल्यांत सगळ्यांत तरुण जोडपं म्हणजे टेलर आणि सिस्टर, आणि ती दोघंही पन्नाशीला टेकली आहेत.

टेलर घराच्या पुढच्या खोलीत मशीन घेऊन बसतो. नवं कापड कुणी शिवत नाही. माणसं आटत चालली आहेत, तेव्हा जुने कपडे आत घ्यायचं काम तेवढं त्याला मिळतं. "या गावात शिवण उसवून ढिली केल्याचं मला आठवत नाही," असं तो म्हणतो, आणि पुन्हा पायाने मशीन चालवू लागतो. त्याची आई आतल्या खोलीत खाटेवर असते. तिचे गुडघे गेले आहेत. जीभ शाबूत आहे.

सिस्टर शहरातल्या इस्पितळात नर्स. सकाळच्या बसने जायचं, संध्याकाळच्या बसने यायचं. गाव तिला सिस्टर म्हणतं, सासू सिस्टर म्हणते, आणि चारचौघांत टेलरही सिस्टरच म्हणतो. त्यात कुणाला वावगं वाटत नाही. इस्पितळात दिवसभर तिला माणसं हाका मारतात. घरी पोचेपर्यंत दारात कुणीतरी दंडाची बाही वर करून रक्तदाब मोजायला उभं असतं. मग सासूबाईंचे पाय, मग स्वयंपाक. टेलर भाजी चिरून ठेवतो, पण त्याला कापडाची सवय असल्यामुळे तुकडे मोठे पडतात.

या दोन्हींच्या मधे बस होती. संध्याकाळची गाडी आमच्या बाजूला जवळपास रिकामी यायची. सिस्टर ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसायची, चपला काढायची, पाय वर घ्यायची आणि झोपायची. कंडक्टर भला माणूस. तो घंटी वाजवायचा नाही, ड्रायव्हरच्या पाठीवर बोटाने टिचकी मारायचा. ड्रायव्हर खड्डे बघून घ्यायचा. शेवटी कंडक्टर हळूच म्हणायचा, "सिस्टर, गाव आलं." ती उठायची, केस सारखे करायची आणि ताजीतवानी खाली उतरायची. आम्ही थांब्यावरून बघायचो आणि एकमेकांना सांगायचो, की या बाईला थकवा म्हणून माहीत नाही.

एका संध्याकाळी टेलर तिला घ्यायला थांब्यावर आला होता. कंडक्टरने त्याला बाजूला घेतलं.

"संध्याकाळची फेरी बंद करायचं चाललंय. साहेब म्हणतात, एका बाईसाठी एवढं धूड पाठवायचं म्हणजे ती बस नाही, त्यांची खाजगी मोटार झाली."

"आणि सकाळची?"

"सकाळची राहील. तिला पुढच्या गावांची गर्दी असते."

"म्हणजे जाता येईल."

"जाता येईल की."

"आणि यायचं कसं?"

"ते साहेबांच्या खात्यात येत नाही," कंडक्टर म्हणाला. "महिनाभरात तपासणीला येतील. तोवर गाडीत माणसं दिसली तर बघू."

टेलर रात्रभर मशीनवर बसून होता आणि त्याने एकही टाका घातला नाही. सकाळी तो हेडमास्तरांकडे गेला. हेडमास्तरांना निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी संकट आणून दिलं होतं. त्यांनी तात्काळ सभा बोलावली.

सभा शाळेत भरली. मोठी माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून बसली. हेडमास्तर फळ्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, की प्रश्न एका सिस्टरचा नाही, गावाच्या अस्तित्वाचा आहे. मग त्यांनी अस्तित्वाबद्दल बराच वेळ सांगितलं. शेवटी योजना निघाली ती अशी : रोज आळीपाळीने पाचसहा घरांतून एकेकाने सकाळी शहरात जायचं आणि संध्याकाळच्या बसने परत यायचं.

"जाऊन करायचं काय?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. जायचं आणि यायचं."

"अहो, पण कारण?"

"प्रवासाला कारण लागतं हा शहरातल्या लोकांचा समज आहे," हेडमास्तर म्हणाले. "टेलर, तुला काही बोलायचंय?"

टेलर उठायला गेला, पण बाकात अडकला, म्हणून बसूनच बोलला. "मला बाकीचं काही कळत नाही. ती रात्री घरी यायला हवी, एवढंच. तशी आमची भेट होते कुठे? मी जागा असतो तेव्हा ती झोपलेली असते. पण घरात असते."

सगळ्यांनी होकार दिला, कारण नकार द्यायला बाकातून उठावं लागलं असतं.

पहिला आठवडा रडत गेला. माणसं शहरात उतरायची, स्टँडवरच्या बाकावर बसायची, तिथल्या घड्याळाकडे बघायची आणि संध्याकाळी परत यायची. पोस्टमास्तर पोस्ट बंद करून गेले. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. पण दुसऱ्या आठवड्यात मंडळी रुळली. काकूंना कळलं, की त्यांच्या दुकानात संपलेल्या सगळ्या वस्तू शहरात आहेत. ज्यांचं आपसात वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं त्यांना एका बाकावर बसावं लागलं, आणि बोलणं नसण्याचं कारण आठवेना म्हणून ते बोलू लागले. पाळी नसलेलेही चढू लागले. संध्याकाळी गावात उभं राहिलं तर चिटपाखरू दिसायचं नाही. सगळं गाव तेव्हा बसमध्ये असायचं आणि गप्पा मारत आपल्याच घराकडे यायचं. आम्ही सगळे एवढे एकत्र कधी नव्हतो.

सिस्टरची जागा मात्र आम्ही राखली. तिथे कुणी बसायला गेलं तर दहा माणसं ओरडायची. पण बाक दोघांचा होता, आणि सिस्टरशेजारी बसायचं भाग्य रोज कुणालातरी मिळायचं.

"सिस्टर, झोपू नका हं, दोनच मिनिटं. हे बघा, इथे दाबलं की तिथे दुखतं."

"मग दाबू नका, काकू."

"दाबलं नाही तर कळणार कसं दुखतंय ते?"

मागून पोस्टमास्तर वाकायचे. "काकूंचं झालं की माझं. मला रात्री तीन वेळा उठावं लागतं."

"त्यांना सगळ्यांसमोर सांगायला लाज नाही वाटत," काकू म्हणायच्या.

"लाज कसली? सिस्टर घरच्याच आहेत. आणि तुम्ही कान तिकडे करा की."

गोळ्यांची पाकिटं हातोहात पुढे यायची. कुणी जीभ दाखवायचं. हेडमास्तर उभे राहून सर्वांना रांगेने यायला सांगायचे. सिस्टर सगळ्यांना उत्तर द्यायची. गाव आलं हे कंडक्टरला सांगावं लागायचं नाही. ती जागीच असायची.

तपासणी झाली. डेपोचे साहेब स्वतः येऊन उभ्यानेच प्रवास करून गेले, कारण बसायला जागा नव्हती. उतरताना म्हणाले, ही फेरी बंद करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. हेडमास्तरांनी थांब्यावरच सर्वांना चहा पाजला. टेलरला दोघातिघांनी मिठ्या मारल्या. त्याने सिस्टरकडे बघितलं. ती थांब्याच्या खांबाला टेकून उभी होती आणि तिच्या कपातला चहा तिरका होऊन सांडत होता.

घरी आल्यावर ती मशीनजवळच्या स्टुलावर बसली. आज दारात रक्तदाब मोजायला कुणी नव्हतं. सगळ्यांचा बसमध्येच मोजून झाला होता.

"अहो, मी तिथे खोली घेते," ती म्हणाली. "इस्पितळाच्या आवारात मिळतेय."

टेलरने मशीन थांबवलं. "आता? आता तर बस पक्की झाली."

"म्हणूनच म्हणते."

"काय झालं? कुणी काही बोललं का?"

"सगळे बोलतात. तेच झालंय. मला बसमध्ये झोप मिळायची. तेवढीच सलग मिळायची, रात्री आई हाका मारतात. आज मी एका पेशंटला दुसऱ्याच्या गोळ्या द्यायला निघाले होते. त्यानेच सांगितलं, बाई, ह्या माझ्या नाहीत."

"तू बसमध्ये झोपायचीस?"

"मग काय करायचे? देखावा बघायचे?"

टेलरला हे माहीत नव्हतं. एवढी वर्षं ती ताजीतवानी उतरते ती आपल्याला बघून, असा त्याचा समज होता. तो त्याने बोलून दाखवला नाही. "तू म्हणालीस का नाही कधी?"

"झोपलेलं माणूस काय म्हणणार?"

आतून आईचा आवाज आला. "ती खोली घेणार, मग माझे पाय कोण बघणार?"

"मी बघेन," टेलर म्हणाला.

"तू माझ्या पायांचं माप घेशील."

"मग आपण तिघंही जाऊ तिकडे," तो म्हणाला.

"मी नाही हलायची. मी गेले तर या गावात म्हातारं म्हणून दाखवायला कोण राहील?" ही अतिशयोक्ती होती, कारण गावात म्हाताऱ्यांखेरीज दाखवायला दुसरं काही नव्हतंच. पण आईचा नकार म्हणजे नकार.

टेलरने आठ दिवस मागून घेतले आणि तडक हेडमास्तरांकडे गेला. म्हणाला, बसमधली माणसं थोडी कमी करता येतील का.

"कमी?" हेडमास्तर म्हणाले. "अरे, गाव जिवंत झालंय. आता कुणाला उतरवू? काकू तर म्हणतात, दुकान बंद करते पण बस सोडणार नाही."

"निदान गप्प तरी बसवा. तिला झोपायचंय."

हे मात्र हेडमास्तरांना पटलं. शांतता हा त्यांचा आयुष्यभराचा विषय होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते बसमध्ये मधोमध दांडी धरून उभे राहिले आणि त्यांनी गावाला शांततेचं महत्त्व समजावून सांगितलं. स्टँडपासून गावापर्यंत सांगितलं. मधे कुणी खोकलं की ते थांबायचे, त्याच्याकडे बघायचे आणि पहिल्यापासून सुरू करायचे. पोस्टमास्तर म्हणाले, ही शांतता फार मोठ्याने चालली आहे. त्यावरून वाद झाला. दोघांनी सिस्टरलाच विचारलं, की तुम्हीच सांगा, कुणामुळे जास्त त्रास होतोय.

"दोघंही बसा," सिस्टर म्हणाली. "पाय दुखतील."

चौथ्या दिवशी सर्वांनी खरोखर तोंडं मिटली. बस भरलेली आणि आवाज नाही. सगळं गाव मान वाकडी करून सिस्टर झोपली की नाही ते बघत होतं. तिने डोळे मिटले. काकू शेजारच्याच्या कानात म्हणाल्या, "झोपल्या वाटतं." ते कानोकानी मागे सरकत गेलं. शेवटच्या बाकावर पोचेपर्यंत तिने डोळे उघडले होते.

आठ दिवस झाल्यावर टेलरने तिची बॅग भरली. तिच्या दोन साड्यांचे ब्लाउज त्याने रात्रीत आत घेतले; तीही आटली होती आणि हे माप घेईपर्यंत त्याच्या लक्षात आलं नव्हतं. सकाळच्या बसला सगळं गाव निरोपाला आलं आणि तिच्याबरोबरच बसमध्ये चढलं, कारण सगळ्यांना शहरात जायचं होतं. टेलरला आत जागा झाली नाही. त्याने बॅग खिडकीतून दिली.

"जेवत जा," तो म्हणाला.

"भाजी बारीक चिरा," ती म्हणाली. "आईंना चावत नाही."

गाडी गेली. टेलर घरी येऊन मशीनवर बसला. आईने आतून विचारलं, "गेली?" तो म्हणाला, "गेली." आई म्हणाली, "पाय दुखताहेत," आणि तो उठला.

आता सिस्टर इस्पितळाच्या आवारातल्या खोलीत राहते आणि, कंडक्टर सांगतो, बरी दिसते. तिथेच राहणारी नर्स मिळाल्यामुळे इस्पितळाने शनिवारची रात्रपाळी तिला लावून दिली आहे. सुटी रविवारी असते. संध्याकाळची बस आजही भरून येते, आणि डेपोच्या साहेबांनी आमच्या फेरीचं उदाहरण वरच्या कचेरीला कळवलं आहे. ही फेरी आता सोमवार ते शनिवार कायम आहे. रविवारी आमच्या गावाला बस नाही.