पापणीचा खरा रंग

मित्रांनो, मला हातात घेता येत नाही, कपाटात मांडून ठेवता येत नाही. मी एक जुनी फाईल आहे. कागदाची नव्हे, संगणकातली. मला प्रोफाईल म्हणतात. डहाणू रोड स्टेशनजवळच्या गल्लीत दीप्ती चुरी यांचे टायपिंगचे आणि छपाईचे दुकान होते. तिथल्या स्कॅनरची मी प्रोफाईल.

प्रत्येक स्कॅनरची नजर वेगळी असते. पिकलेला चिकू एकाला तपकिरी दिसतो, तोच दुसऱ्याला काळपट. आपल्या स्कॅनरला कोणता रंग कसा दिसतो, हे संगणकाला समजावून सांगायचे आणि मूळ रंग परत मिळवून द्यायचा, हे माझे काम. ते मी चोख करत असे.

माझ्या पोटात लहान लहान कप्पे आहेत. त्यांना टॅग म्हणतात. एका कप्प्यात माझे नाव असते, एकात पांढऱ्या रंगाची ओळख. लाल, हिरवा आणि निळा यांचे कप्पे वेगळे, आणि त्यांत आकडे भरलेले. आकडा बदलला की चित्राचा रंग बदलतो.

माझा जन्म १९९७ सालचा. स्कॅनरबरोबर कंपनीची एक तयार प्रोफाईल आली होती, पण दीप्तीताईंना ती पसंत पडली नाही. त्यांनी रंगीत चौकोनांचा एक तक्ता मागवला, तो पुन्हा पुन्हा स्कॅन केला आणि त्यावरून मला घडवले. माझ्या लाल, हिरव्या आणि निळ्या कप्प्यांत सारखाच आकडा बसला, दोन पूर्णांक दोन. माझ्यातून निघालेले पहिले चित्र पडद्यावर आले तेव्हा त्या खुर्चीवरून उठून म्हणाल्या, "आता कसं! जसं आहे तसं." त्या शब्दांचा मला फार अभिमान वाटला.

पण दुकान चालायचे ते लग्न जमवायला लागणाऱ्या फोटोंच्या प्रतींवर. काउंटरवर दीप्तीताईंचे वडील श्यामकांत बसत. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले, बोलके आणि गिऱ्हाइकांचे लाडके. एके दिवशी एक गृहस्थ मुलीचा फोटो परत घेऊन आले. "काका, पोरगी सावळी आली यात. पाहुण्यांना कसा दाखवू?"

ते गेल्यावर श्यामकांत म्हणाले, "दीप्ती, चेहरे जरा गोरे येतील असं काही कर ना."

"बाबा, फोटोत आहे तेच येतंय."

"आहे ते लोकांना ठाऊक असतं गं. त्यांना हवं ते दे."

दीप्तीताईंकडे टॅग उघडून बघण्याचा आणि बदलण्याचा एक छोटा प्रोग्राम होता. त्यांनी मला उघडले. हिरव्या आणि निळ्या कप्प्यांतले आकडे कमी केले, लाल तसाच ठेवला. झाले! पांढरे पांढरेच राहिले, काळे काळेच. मधले रंग तेवढे फिके पडले, चेहऱ्यांची लाली आणि सावळेपणा ओसरला. कोणाला शंकाही येईना.

आमचे नाव झाले. उंबरगावहून आलेले एक कापडाचे व्यापारी आपल्या मुलाचा फोटो पाहून "बहु सरस!" म्हणत राहिले. मला मात्र ते कौतुक आपले वाटले नाही. पण फाईलला कोण विचारतो?

पुढच्या वर्षी तलासरीहून जयश्री सिस्टर दुकानात आल्या. पाड्यापाड्यांवर फिरून गरोदर बायांची तपासणी करणे हे त्यांचे काम. त्यांनी तीन फोटो आणले होते, डोळ्याच्या खालच्या पापणीच्या आतल्या बाजूचे. पहिला लालबुंद, त्याखाली छापायचे होते 'रक्त पुरेसे'. दुसरा फिका, 'रक्त कमी'. तिसरा अगदी पांढुरका, 'लगेच दवाखान्यात'. पाड्यावर रक्त तपासायची सोय नव्हती. हे कार्ड डोळ्याजवळ धरून बाया एकमेकींची पापणी पडताळणार होत्या. मोठी छपाई वापीला व्हायची होती, नमुना आमच्याकडे.

नमुना न्यायला सिस्टर आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर रूपी होती. तलासरीकडच्या एका पाड्यावरची तरुण बाई, पोटुशी, चार पावले चालून धापा टाकणारी. डहाणूच्या डॉक्टरांनी तिला आजच दाखल व्हायला सांगितले होते. ती ऐकत नव्हती. घरी लहान मूल होते आणि नवरा चैत्या मजुरीवर गेलेला.

रूपीने नमुन्याचे कार्ड उचलले, भिंतीवरच्या आरशापुढे उभी राहिली आणि पापणी खाली ओढली.

"बघ बाय," ती सिस्टरना म्हणाली, "माझा डोळा ह्या पयल्या चित्रासारखा हाय. काय नाय झाला माना. मी घरी जाते."

सिस्टरांनी कार्ड हातात घेतले. खरेच, रूपीची पापणी पहिल्या चित्राशी जुळत होती. त्या गोंधळल्या. मग एकदम वळून म्हणाल्या, "ताई, जरा तुमचा डोळा दाखवा."

दीप्तीताईंची पापणी तिन्ही चित्रांपेक्षा लाल निघाली. "काका, तुमचा?" श्यामकांतांचीही तशीच.

"चित्रंच फिकी आली आहेत," सिस्टर म्हणाल्या. "हे कार्ड पाड्यावर गेलं तर रक्त नसलेली प्रत्येक बाई म्हणेल, मी बरी आहे."

दीप्तीताईंचा चेहरा उतरला. त्यांनी रूपीला खुर्ची दिली, चहा मागवला आणि मला उघडले. तिन्ही रंगांचे कप्पे त्यांच्यासमोर होते. एक जुना आकडा, दोन बदललेले.

"बाबा, लग्नाचा गोरेपणा इथे आलाय," त्या हळूच म्हणाल्या.

त्यांनी माझी एक प्रत काढून ठेवली, लग्नांसाठी. माझ्यातले दोन्ही आकडे पूर्ववत केले आणि फाईलला नवे नाव दिले. श्यामकांतांना म्हणाल्या, "नवी निवडा आणि पुन्हा काढा."

नमुना निघाला. पुन्हा फिका!

"मी जाते, गाडी चुकेल," रूपी उठली.

"थांब गं, बस जरा," श्यामकांत काकुळतीने म्हणाले. "दीप्ती, यादीत तर दोन्हींचं नाव एकच दिसतंय. मी कुठली निवडली कोणास ठाऊक."

मित्रांनो, इथेच खरी मेख होती. बाहेरून फाईलचे नाव बदलले, तरी यादीत दिसते ते पोटातल्या कप्प्यात लिहिलेले नाव. ते आम्हा दोघींचे एकच राहिले होते. दीप्तीताईंनी नावाचा कप्पा उघडला. माझ्यात रोमन अक्षरांत लिहिले 'खरा रंग', आणि दुसरीत 'लग्न, गोरा'. मग स्वतः निवड करून नमुना काढला.

या वेळी पहिले चित्र लालबुंद आले. दीप्तीताईंची पापणी त्याच्याशी जुळली. सिस्टरांनी कार्ड रूपीच्या हाती दिले.

रूपी आरशापुढे बराच वेळ उभी राहिली. पहिले चित्र, दुसरे, मग तिसरे.

"हा माझा," तिसऱ्यावर बोट ठेवून ती म्हणाली. मग विचारले, "पोराला कोण बघल?"

"मी आजच पाड्यावर जाते," सिस्टर म्हणाल्या. " चैत्याला सगळं सांगते, आणि तुझी सासू येईपर्यंत पोर पुतळीकडे राहील. तुझ्या शेजारचीच ना ती?"

रूपीने मान हलवली. श्यामकांत चप्पल घालून रिक्षा आणायला धावले आणि त्या दोघींना दवाखान्यात सोडून आले.

रूपीला रक्त चढवले. पुढे तिला मुलगी झाली, दोघी सुखरूप. ही बातमी सिस्टरांनी दुकानात सांगितली तेव्हा श्यामकांतांनी सगळ्या गल्लीला पेढे वाटले. त्यानंतर लग्नाचा फोटो आला की ते आधी विचारत, "खरा हवा की गोरा?" पुष्कळ जण हसून 'खरा' म्हणत, आणि ते ऐकून मी मनातून सुखावत असे.

कार्डे वापीहून नीट छापून आली आणि तलासरीच्या पाड्यांवर पोचली. किती बायांनी ती डोळ्याजवळ धरली, मला माहीत नाही. ज्यांनी धरली त्यांना खरे उत्तर मिळाले, हे मात्र मी ठामपणे सांगते.

१९९९ साली नवा स्कॅनर आला. त्याची नजर वेगळी, म्हणून प्रोफाईलही वेगळी. मी एका सीडीवर गेले. आता मला कोणी उघडत नाही. त्याचे फारसे वाईट वाटत नाही. माझे काम मी केले आहे.

मित्रांनो, चित्र सुंदर करायला माझी हरकत नाही. पण त्याआधी खरी प्रत जपून ठेवा, आणि जिच्या पोटात जे आहे तेच तिच्या नावात लिहा. आरशापुढे उभी राहिलेली एखादी बाई त्या रंगावर विश्वास ठेवून घरी जायचे की दवाखान्यात, हे ठरवत असेल.