शेवंताच्या खोलीचं मोजमाप

तपासनिसानं भिंतीला टेप लावला की ती भिंत हातभर आत यायची. मागवाल्यांच्या वस्तीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं आणि कुणाला त्याचं नवल नव्हतं. भाड्याला सरकारी मदत पाहिजे तर घर मोजून घ्यावं लागतं, आणि मोजून घेतलं की थोडं जातंच.

शेवंता मागावर सुताच्या कांड्या भरायची. नवरा मेल्यापासून घरात ती आणि सासू गजराबाई, दोघीच. म्हातारी दोन वर्षं खाटेवरून उठली नव्हती. घरमालकानं बजावलं होतं, एक तारखेला भाडं नाही आलं तर दाराला कुलूप. मदत मंजूर झाली तरच डोक्यावर पत्रा राहणार होता.

तपासनीस साहेब येणार म्हणून शेवंतानं चारचौघी करतात तेच केलं. शेजारच्या शकीलाभाभीकडून खुर्ची आणली, कपबशी आणली, पावशेर दूध आणून चहा टाकला. घरात काही नसलं तरी आल्यागेल्याला भुईवर बसवत नाहीत. इथंच ती फसली. साहेब खुर्चीत बसला, चहा प्याला आणि त्यानं लिहिलं: खुर्ची एक, कपबशी एक, घरात दूध येते. खुर्ची फरशीत रुतली. शकीलाभाभी दारातून म्हणाली, राहू दे गं, लिहिलेलं आता तुझंच.

साहेबानं सांगितलं, घरात एवढं सामान म्हणजे तुमचं बरं चाललंय. अशांना मदत हवी तर खोली याहून लहान लागते. हा नियम ज्यानं केला त्याच्या कुत्र्यालासुद्धा याहून मोठी जागा असणार, पण नियम करणारा कधी टेप घेऊन दारात येत नाही.

"मग लावा की टेप," शेवंता म्हणाली.

टेपचं टोक तिनंच धरलं. वाकडा लागला तर अर्ज नव्यानं करावा लागतो. पहिल्या मापाला भांड्यांची मांडणी भिंतीत गेली. साहेबानं आकडा बघितला, मान हलवली. अजून मोठी आहे. दुसऱ्या मापाला खिडकी गेली. अजून मोठी. तिसऱ्या मापाला खाट मावेना, ती म्हातारीसकट मधोमध दुमडली. गुडघे पोटाशी घेऊन गजराबाई म्हणाली, चालू द्या, आधी तरी पाय पसरायला कुठं मिळत होतं.

शेवंता तरीही लावा म्हणत राहिली. चौथ्या मापाला चूल गेली. पाचव्याला दार एवढं अरुंद झालं की शकीलाभाभीचा नुसता एक डोळा दिसायला लागला. मग तोही दिसेना.

आता खोलीत खुर्ची होती, दुमडलेली खाट होती आणि दोन्हींच्या मधे शेवंता एका पायावर उभी होती. साहेबाचे गुडघे तिला टेकत होते. त्यानं आकडा लिहिला, खाली रेघ ओढली.

"खोली नियमात बसली."

शेवंतानं कितीतरी वेळानं श्वास सोडला. साहेबानं पान उलटलं.

"पण एवढ्या खोलीत दोन माणसं राहतात असं लिहिता येत नाही. खोटी माहिती होते. अर्ज बाद होईल."

"मग कसं हो?"

"माणसं मोजावी लागतील."

त्याच्या आवाजात राग नव्हता, घाईही नव्हती. हे रोजचंच काम असावं तसा त्यानं टेप पुन्हा ओढला. टोक शेवंताच्या मुठीतच होतं. सबंध दुपार तिनं ते सांगेल तिथं लावलं होतं. आता तिनं मूठ आवळली, टेपच्या पत्र्याची कड तळव्यात रुतली तरी सोडेना.

मागं खाट करकरली. दोन वर्षं न उठलेली गजराबाई उठून उभी होती. तिनं पदर डोक्यावर नीट घेतला, पाठ भिंतीला टेकवली, टाचा जुळवल्या.

"शेवंते, आण ते इकडं," ती म्हणाली. तिनं सुनेची बोटं एकेक करून उघडली आणि टेपचं टोक स्वतःच्या टाचेखाली दाबून धरलं.